विश्लेषण : ऑस्ट्रेलियाच्या सहलीत ठिकाणे कमी आणि मुक्काम जास्त का हवेत?

फोनच्या पडद्यावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडला, की सिडनी ते केर्न्स हे अंतर अंगठ्याच्या पेराएवढे दिसते. प्रत्यक्षात ते जवळपास मुंबई ते दुबईइतके आहे. तरीही 'सिडनी, गोल्ड कोस्ट, केर्न्स, उलुरू, मेलबर्न, ग्रेट ओशन रोड आणि जमल्यास पर्थ' अशी यादी दोन आठवड्यांच्या सुट्टीत बसवण्याचा प्रयत्न घरोघरी होतो. व्हिसा, तिकिटे आणि हॉटेल मिळून काही लाख रुपयांचा हा खर्च बहुतेक कुटुंबे आयुष्यात एकदाच करतात. त्या पैशातून ऑस्ट्रेलिया किती पाहायला मिळतो आणि विमानतळ किती, हे सहल सुरू होण्याआधी, यादी करतानाच ठरते.

नकाशा नेमका कुठे फसवतो?

ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे 76.9 लाख चौरस किलोमीटर आहे. भारताचे 32.9 लाख. म्हणजे हा देश भारताच्या दुपटीहून मोठा आणि लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास. मोठी शहरे किनाऱ्याला धरून आहेत आणि मध्ये प्रचंड मोकळा भूभाग आहे. भारतात मुंबईहून दिल्लीला जाताना वाटेत वडोदरा, कोटा, मथुरा लागतात; थांबावेसे वाटले तर थांबता येते. ऑस्ट्रेलियात वाळवंट ओलांडताना शेकडो किलोमीटर एखाद-दुसरा पेट्रोल पंप सोडला तर काहीच लागत नाही. 'वाटेत हेही पाहून घेऊ' ही आपली सवय तिथे चालत नाही.

नकाशा आणखी एका प्रकारे दिशाभूल करतो. फोनवर आणि भिंतीवर सहसा दिसणारा मर्केटर पद्धतीचा नकाशा ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवतो. त्यात ग्रीनलँड ऑस्ट्रेलियाहून मोठा भासतो. खरे तर ऑस्ट्रेलिया ग्रीनलँडच्या साडेतीन पट आहे. वर्षानुवर्षे डोळ्यांत बसलेले हे आकार बेत आखताना नकळत कामाला येतात.

अंतरांचा अंदाज येण्यासाठी घरच्या मापांचा उपयोग करावा. सिडनी ते मेलबर्न हवाई अंतर सुमारे 700 किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-नागपूर. सिडनी ते केर्न्स सुमारे 1,970 किलोमीटर. सिडनी ते पर्थ सुमारे 3,290 किलोमीटर, मुंबई-बँकॉकपेक्षाही जास्त. देश तोच आणि चलन तेच असले तरी विमानात पाच तास बसावे लागते आणि उतरल्यावर घड्याळ दोन तास मागे करावे लागते.

एका कुटुंबाचे 120 तास कुठे जातात?

उदाहरणादाखल ठाण्यातले एक कुटुंब धरू. नवरा-बायको, आठवीतली मुलगी आणि 68 वर्षांच्या आजी. आजी चालतात, पण गुडघ्यामुळे हळू. मे महिन्यात 14 दिवसांची रजा मिळाली आहे. जाणे-येणे वजा केले, तर ऑस्ट्रेलियात 12 रात्री मिळतात. मेमध्ये दक्षिणेकडे हिवाळ्याची चाहूल असते. सिडनी-मेलबर्नला दिवसाचा उजेड सुमारे दहा तासच असतो. बारा दिवस गुणिले दहा तास, म्हणजे 120 तास. या कुटुंबाने खरे तर हेच विकत घेतले आहे.

आता वरची यादी या तासांत बसवून पाहू. सिडनी-गोल्ड कोस्ट हे विमान दीड तासाहून कमी वेळात पोहोचते. पण हॉटेलची खोली सोडणे, विमानतळ गाठणे, सामान देणे, विमानाची वाट पाहणे, उतरल्यावर पट्ट्यावरून बॅगा घेणे आणि नव्या शहरात हॉटेलपर्यंत जाणे धरले, तर दारापासून दारापर्यंत साडेपाच तास जातात. याच हिशेबाने गोल्ड कोस्ट-केर्न्स साडेसहा तास, केर्न्स-उलुरू सात, उलुरू-मेलबर्न सात, मेलबर्न-पर्थ आठ. एकूण 34 तास. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण ढिले नाहीत. सोबत आजी आणि चार मोठ्या बॅगा असतील तर कमीच पडतील.

ग्रेट ओशन रोडचा दिवस यात आलेलाच नाही. व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावरचा हा 243 किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधला. त्यावरचे प्रसिद्ध 'ट्वेल्व्ह अपोस्टल्स', म्हणजे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे खांब, नावाप्रमाणे बारा नाहीत आणि त्यातलाही एक 2005 मध्ये कोसळला. मेलबर्नहून किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्याने तिथे पोहोचायला साडेचार ते पाच तास लागतात. आतल्या सरळ रस्त्याने परत यायला तीन. एका दिवसात जाऊन यायचे तर दहा तासांच्या उजेडातले आठ तास गाडीतच जातात. ज्या रस्त्याचे आकर्षण जागोजागी थांबण्यात आहे, तिथे थांबायलाच वेळ उरत नाही.

34 अधिक आठ, म्हणजे 42. पहिल्या दिवशी रात्रभराच्या प्रवासानंतर शरीर जे सहा तास मागून घेते ते धरले, की 48. विकत घेतलेल्या 120 तासांपैकी 48 तास, म्हणजे 40 टक्के, एका जागेवरून दुसरीकडे जाण्यात आणि त्यातून सावरण्यात संपतात. जेवण, कपडे धुणे, औषधे घेणे आणि 'आज नको, उद्या बघू' हे सगळे उरलेल्या 72 तासांत करायचे.

क्रम नीट लावला तर प्रश्न सुटतो का?

संगणकशास्त्र शिकलेल्यांना इथे 'ट्रॅव्हलिंग सेल्समन' हे कोडे आठवेल: दिलेली सगळी शहरे कमीत कमी अंतरात फिरून यायची, तर क्रम कोणता? सात ठिकाणांचे 5,040 क्रम होतात आणि त्यातला सर्वात छोटा मार्ग आजचा कोणताही फोन क्षणात काढू शकतो. त्यामुळेच बरेच जण सहलीचा प्रश्न हाच आहे असे समजतात. नकाशाचे अॅप किंवा चॅटबॉट सातही ठिकाणे देखण्या तक्त्यात बसवून देतो आणि तक्ता पूर्ण भरलेला दिसला की बेत पक्का झाल्यासारखे वाटते.

पण सहलीचे कोडे वेगळे आहे. गणितात त्याला 'ओरिएन्टीअरिंग प्रॉब्लेम' म्हणतात. वेळ ठरलेला आहे, प्रत्येक ठिकाणाचे मोल वेगळे आहे आणि सगळीकडे जाण्याची अट नाही. मग कुठे जायचे आणि कुठे नाही? यात क्रम दुय्यम ठरतो. आधी गाळणी लावावी लागते. ती लावण्याचे काम चॅटबॉटकडे देता येत नाही, कारण आजींना समुद्र पाहायचा आहे की वाळवंट, हे त्याला माहीत नसते. बऱ्याचदा ते घरातल्यांनाही माहीत नसते, कारण आजींना कोणी विचारलेलेच नसते.

'पुन्हा कोण जाणार?' या प्रश्नाचे काय?

यादी लांबते ती याच वाक्यामुळे. एवढे लांब गेलोच आहोत, तर आणखी वीस हजारांत पर्थही होईल. पुन्हा कोण जाणार? हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. तिकिटाचा आणि व्हिसाचा मोठा खर्च आधीच झालेला असतो. त्यापुढे प्रत्येक नवे ठिकाण स्वस्त वाटते आणि पैशांपुरते पाहिले तर ते खरेही आहे. शिवाय मध्यमवर्गीय मराठी घरात 'पुढच्या वेळी' या शब्दाला फारसा अर्थ नसतो, हेही मान्य करायला हवे. पुढच्या वेळी मुलीची बारावी असेल, आजींचा गुडघा असेल, गृहकर्ज असेल.

मात्र या हिशेबात तासांची किंमत शून्य धरलेली असते. पर्थसाठी वीस हजार रुपये लागतात आणि शिवाय सिडनीतला किंवा केर्न्समधला एक अख्खा दिवस द्यावा लागतो. पुन्हा जाणे होणार नसेल, तर तो दिवस आणखीच महाग आहे. जो केर्न्सला पुन्हा जाणार नाही, त्याला तिथे एक दिवस जादा मिळायला हवा. घाईच्या यादीत नेमके उलटे होते. केर्न्सला दोन रात्री ठेवलेल्या असतात. त्यातल्या एकाच पूर्ण दिवशी वारा सुटतो, रीफवर जाणारी बोट रद्द होते आणि ग्रेट बॅरिअर रीफ न पाहताच कुटुंब पुढच्या विमानात बसते. इतका खर्च करून.

एक अपवाद मात्र आहे. काही माणसांना फिरण्याचीच हौस असते. विमानतळ, खिडकीची जागा, नवे हॉटेल यात त्यांना आनंद मिळतो. अशांनी सात काय, नऊ शहरे करावीत. प्रश्न आहे तो ज्यांना हे आवडत नाही, पण 'सगळेच करतात' म्हणून जे करतात, त्यांचा.

मेमध्ये जायचे की दिवाळीत?

बेत आखताना पहिला प्रश्न हा हवा. तो सहसा शेवटी येतो. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे असतात एवढे सर्वांना ठाऊक असते. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा, जून-जुलैत हिवाळा. पण हे वाक्य देशाच्या फक्त दक्षिण भागाला लागू पडते. उत्तरेकडचे केर्न्स आणि डार्विन उष्ण कटिबंधात येतात. तिथे आपल्यासारखाच पावसाळा असतो, फक्त तो साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात पडतो. तेव्हा उत्तरेकडचे काही रस्ते पाण्याखाली जाऊन महिनोन्महिने बंद राहतात. किनाऱ्यालगतच्या समुद्रात विषारी जेलीफिश येण्याचा काळही साधारण नोव्हेंबर ते मे असा धरला जातो. त्या काळात पाण्यात उतरताना अंगभर चिकटणारा सूट घालतात.

याचा महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी अर्थ असा. शाळेची मोठी सुट्टी मेमध्ये असते. त्याच सुमारास उत्तरेकडचा पाऊस संपून आकाश मोकळे झालेले असते. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, उलुरूला, दिवसा सुखद हवा आणि रात्री चांगलीच थंडी असते. मेलबर्नला मात्र दुपारचे तापमान जेमतेम 17 अंशांपर्यंत जाते आणि सूर्य सव्वापाचला मावळतो. म्हणजे मेची सुट्टी उत्तर आणि मध्य भागासाठी उत्तम आहे, मेलबर्नसाठी साधारण.

दिवाळीच्या सुट्टीत चित्र बदलते. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिणेत वसंत असतो. सिडनीत जांभळ्या जॅकरँडाचा बहर येतो. मेलबर्न, ग्रेट ओशन रोड, टास्मानिया यांना दिवस मोठा मिळतो. उलुरूला मात्र तोवर ऊन तापू लागलेले असते आणि केर्न्सला दमट उकाडा सुरू झालेला असतो. त्यामुळे दिवाळीत दक्षिण, मेमध्ये उत्तर, अशी ढोबळ विभागणी करता येते. जाहिरातींतले पॅकेज बाराही महिने तेच असते, हवामान तसे नसते.

एक छोटा अपवाद. मेलबर्नजवळच्या फिलिप बेटावर सूर्यास्ताला समुद्रातून छोटे पेंग्विन बाहेर येतात. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेनऊला मावळतो. पेंग्विन पाहून 140 किलोमीटर परत येईपर्यंत मध्यरात्र होते. मेमध्ये हेच सातच्या आत आटोपते. मुलांना आणि आजींना घेऊन जाणाऱ्यांसाठी हा एकच कार्यक्रम थंडीत सोयीचा आहे.

डिसेंबरअखेरीस जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. 26 डिसेंबरला मेलबर्नच्या मैदानात कसोटी पाहायची आणि 31 तारखेला सिडनीची आतषबाजी, यासाठी जाणाऱ्याने तेवढ्यासाठीच जावे. तिथल्या शाळांनाही तेव्हा मोठी सुट्टी असते आणि हॉटेलांचे दर वर्षातले सर्वाधिक असतात.

उतरायचे कुठे आणि परतायचे कुठून?

मुंबईहून जाणाऱ्या बहुतेकांना सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक किंवा हाँगकाँगला विमान बदलावे लागते. विमान बदलायचेच असेल, तर ते सिडनीलाच उतरले पाहिजे असे नाही. सिंगापूरहून ऑस्ट्रेलियातल्या अनेक शहरांना थेट विमाने आहेत. त्यात पर्थ, डार्विन आणि केर्न्सही येतात. तिकिटाच्या अॅपवर 'राउंड ट्रिप'शेजारी 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो. त्यात जाताना मुंबई-केर्न्स आणि परतताना सिडनी-मुंबई असे एकच तिकीट काढता येते. भाडे अनेकदा येण्याजाण्याच्या साध्या तिकिटाच्या जवळपासच असते आणि केवळ परतीचे विमान पकडण्यासाठी दोन हजार किलोमीटर मागे येण्याचा एक दिवस वाचतो. घरातल्या सगळ्या वादावादीतून जितका वेळ वाचणार नाही, तितका या एका बटणाने वाचतो.

देशांतर्गत विमानांत दोन गोष्टी पाहाव्यात. स्वस्त तिकिटात सहसा फक्त 7 किलोची केबिन बॅग धरलेली असते. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. आणि वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास आखला, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले याची जबाबदारी कोणीच घेत नाही. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या दिवशीच देशांतर्गत विमान ठेवणे ही बचत नसून जुगार आहे. शेवटचा मुक्काम परतीच्या शहरातच असावा.

गाडी, रेल्वे की विमान?

रेल्वेबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज असतो. सिडनी-पर्थ धावणारी 'इंडियन पॅसिफिक' 4,352 किलोमीटर जाते आणि त्यात तीन रात्री जातात. अॅडलेड-डार्विन मार्गावरची 'द घान' 2,979 किलोमीटरची. या गाड्या म्हणजे आपली राजधानी एक्स्प्रेस नव्हेत. त्या आठवड्यातून मोजक्या वेळा सुटणाऱ्या, महागड्या, चालत्या हॉटेलसारख्या पर्यटन गाड्या आहेत. 'घान' हे नाव मात्र जाता जाता सांगण्यासारखे. एकोणिसाव्या शतकात उंटांचे तांडे घेऊन या वाळवंटात माल वाहणाऱ्यांना तिथे सरसकट 'अफगाण' म्हणत. त्यातले बरेच जण तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून गेलेले होते. त्यांच्यावरूनच गाडीचे नाव पडले असे मानले जाते.

गाडी भाड्याने घेणे भारतीयांना सोपे वाटते, कारण तिथेही डावीकडूनच गाडी चालवतात. इंग्रजीत छापलेल्या परवान्यावर पर्यटकाला बहुतेक ठिकाणी गाडी चालवता येते. नियम राज्यागणिक बदलत असल्याने ज्या राज्यात चालवायची तिथला पाहून घ्यावा. मात्र शहराबाहेर अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात आणि धडक बसली तर गाडीसकट सहलही मोडते. अनेक भाडेकरारांत दुर्गम भागात रात्री गाडी चालवण्यास मनाई असते आणि कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही. अॅलिस स्प्रिंग्जहून उलुरू 'जवळच' आहे असे नकाशा पाहून वाटते. ते अंतर साडेचारशे किलोमीटर आहे. मेमध्ये दुपारच्या विमानाने अॅलिस स्प्रिंग्जला उतरणाऱ्याने त्याच दिवशी ते कापायला निघू नये.

मग 12 रात्रींचा बेत कसा दिसतो?

ठाण्याच्या त्या कुटुंबाकडे परत येऊ. मे महिना, म्हणून उत्तर आणि मध्य. केर्न्सला उतरायचे आणि चार रात्री राहायचे. मग उलुरूला दोन, शेवटी सिडनीत सहा. मुक्काम बदलण्याचे प्रसंग दोनच, त्यांचे प्रत्येकी सात तास. पहिल्या दिवसाचे सहा धरून 120 पैकी 20 तास खर्ची पडतात. आधीच्या बेतात 48 पडत होते. हातात आले 28 तास, म्हणजे उजेडाचे जवळपास तीन पूर्ण दिवस, तेही एक रुपया जास्त न मोजता. उलट तीन देशांतर्गत विमानांची चौघांची तिकिटे वाचली.

केर्न्सला रीफची बोट पहिल्या पूर्ण दिवशीच ठेवावी. वाऱ्यामुळे ती रद्द झाली तर पुढचे दोन दिवस हाताशी राहतात. बाहेरच्या रीफपर्यंत एका बाजूला तास-दीड तास लागतो आणि बोट हलते, म्हणून उलटीची गोळी आधी घ्यावी. काही बोटी समुद्रात नांगरलेल्या मोठ्या तरंगत्या फलाटाला लागतात. तिथे काचेच्या तळाची होडी असते; आजींना पाण्यात न उतरताही प्रवाळ पाहता येते. दुसऱ्या दिवसासाठी कुरांडाची जुनी डोंगरी रेल्वे आणि परतताना जंगलावरून जाणारा रोप-वे. तिसरा दिवस मोकळा.

केर्न्सहून उलुरूचे थेट विमान रोज मिळेलच असे नाही. म्हणून आधी त्या विमानाचे वार पाहावेत आणि त्यावरून केर्न्सचा मुक्काम पक्का करावा, उलट नको. उलुरूला राहण्याची सोय फक्त युलारा या एका वसाहतीत आहे. खोल्या मोजक्या आणि महाग असल्याने सगळ्या सहलीत हे बुकिंग सर्वात आधी करावे लागते. 348 मीटर उंचीच्या त्या लाल खडकावर चढण्यास 26 ऑक्टोबर 2019 पासून कायमची बंदी आहे. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, अनांगू लोकांसाठी, तो पवित्र आहे. जुने व्हिडिओ पाहून चढण्याचे मनसुबे रचणाऱ्यांनी ते सोडून द्यावेत. पायथ्याची सुमारे दहा किलोमीटरची सपाट वाट आहे. ती पूर्ण चालता येते किंवा आजींना जमेल तेवढीच. पोहोचल्या संध्याकाळी सूर्यास्त, दुसऱ्या पहाटे सूर्योदय, दुपारी जवळच काटा त्जुटाचे घुमटाकार डोंगर. दोन रात्रींत हे निवांत होते. एका रात्रीत होत नाही.

सिडनीत सहा रात्री पाहून कोणीतरी म्हणेलच, एवढे काय आहे तिथे? बंदरातल्या फेरीबोटी आहेत, मॅन्लीचा किनारा आहे, ऑपेरा हाउस आतून पाहता येते, आणि साध्या लोकल रेल्वेने दोन तासांत ब्लू माउंटन्सच्या कड्यांपर्यंत जाता येते. गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. दमल्यावर दुपारी परत येऊन झोपता येते, आणि आठवीतल्या मुलीला व आजींना सुट्टी सारखीच आवडायची असेल तर हे लागतेच.

मेलबर्न, ग्रेट ओशन रोड, गोल्ड कोस्ट आणि पर्थ यातून गेले. वाईट वाटणारच. मेलबर्नला भाचा किंवा पुतण्या शिकत असेल, तर सिडनीच्या जागी सरळ मेलबर्न धरावे आणि सहा रात्रींतली एक ग्रेट ओशन रोडवरच्या एखाद्या छोट्या गावात काढावी, म्हणजे त्या रस्त्यावर थांबता येईल. दोन्ही शहरे हवीतच असतील, तर उलुरू सोडावे. तिन्ही हवीत, असे म्हणणाऱ्याने आणखी चार दिवसांची रजा मिळवावी.

ग्रुप टूर घेणे चूक आहे का?

मुळीच नाही. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, संध्याकाळी वरणभात, बॅगा उचलायला माणूस आणि आजारी पडल्यास धावपळ करणारे कोणीतरी, या गोष्टींची किंमत ज्येष्ठांसोबत परदेशी गेल्यावर कळते. स्वतः बेत आखणाऱ्यांनी ग्रुप टूरला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र माहितीपत्रक वाचताना 'एकूण ठिकाणे' हा मोठ्या अक्षरातला आकडा सोडून एका मुक्कामी किती रात्री आहेत ते मोजावे. 'एक रात्र' किती वेळा येते आणि 'बाहेरून दर्शन', 'फोटो स्टॉप', 'ओरिएंटेशन टूर' हे शब्द किती वेळा येतात, यावर पेनाने खुणा कराव्यात. पहाटे पाचला नाश्त्याचे डबे घेऊन निघायचे दिवस किती, हेही विचारावे. सांगणारे प्रामाणिकपणे सांगतात. विचारणारे कमी असतात.

पैसे भरण्याआधी काय पाहावे?

पर्यटकांना लागणारा सबक्लास 600 व्हिसा ऑनलाइन मिळतो. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, शुल्क सुमारे दोनशे ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द न होणारी तिकिटे घेऊ नयेत, असा सल्ला तिथले सरकारच देते. तोवर रद्द करता येणारी हॉटेले धरून ठेवावीत. ज्येष्ठांच्या प्रवास विम्यात रक्तदाब, मधुमेहासारखे आधीचे आजार धरले आहेत का, ते एजंटाच्या तोंडी नव्हे, पॉलिसीच्या कागदावर पाहावे.

खाण्याच्या डब्यांबाबत ऑस्ट्रेलिया फार कडक आहे. बाहेरच्या किडी आणि रोग देशात येऊ नयेत म्हणून फळे, बिया, दूध-तुपाचे पदार्थ, मसाले यांची विमानतळावर तपासणी होते. देशांतर्गतही काही राज्यांत दुसऱ्या राज्यातली फळे नेता येत नाहीत. खाद्यपदार्थ लपवले तर जागेवर मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. उतरताना भरायच्या कार्डावर खाद्यपदार्थ आहेत का, या प्रश्नापुढे 'हो' अशी खूण करावी आणि आजींच्या पिशवीतला लाडवांचा डबा स्वतःहून पुढे करावा. फार तर लाडू जातील, दंड होणार नाही.